आई, नेक्स्ट दाब

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसलो, तर कंपनीची मेल येऊन पडलेली. माहिती सुरक्षेचं वार्षिक ऑनलाइन प्रशिक्षण, सोमवारपर्यंत पूर्ण करा, नाहीतर मॅनेजरला कळवण्यात येईल. तुम्हा मंडळींना यात काही नवीन नाही. पडद्यावर एक कार्टून येतं, पासवर्ड कुणाला सांगू नका म्हणतं आणि पंचेचाळीस सेकंदांनी खाली 'नेक्स्ट'चं बटण उजळतं. तोवर आपण दुसऱ्या टॅबमध्ये स्कोअर बघतो. बटण उजळलं की दाबतो. शेवटी दहा प्रश्न, ज्यांची उत्तरं टीममधल्या कुणीतरी ग्रुपवर आधीच टाकलेली असतात. मग सर्टिफिकेट. मग पुढच्या वर्षापर्यंत सुटका.

मीही तेच करत होतो. चौथ्या की पाचव्या नेक्स्टला एकदम आईची आठवण आली आणि हात थांबला.

त्यामागची गोष्ट आज सांगतो. तिच्यात मी हिरो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर विष्णुपुरीला. नांदेडहून गोदावरी ओलांडून लातूर रोडला लागलं की हा सगळा भाग येतो. १९८१ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज इथं, मेडिकल कॉलेज इथं, थोडं पुढे १९९४ साली झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते स्वामीजी स्वतःही आधी शिक्षकच होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. म्हणजे शिकणं-शिकवणं या विषयात आमच्या परिसराची कॉलर तशी ताठ! मी इंजिनिअरिंगही इथंच केलं. हॉस्टेलचा खर्च वाचला म्हणून बाबा अजून खूश असतात.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे चार वर्ग आणि दोन शिक्षक. आईकडे तिसरी आणि चौथी. एकच खोली, एकच फळा, मध्ये खडूनं उभी रेघ. डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा भूगोल. एका वर्गाला लिहायला लावायचं तेव्हा दुसऱ्याला शिकवायचं. असं ती वीस-बावीस वर्षं करत आली होती.

दिवाळी २०२२ ची गोष्ट. कंपनीनं अजून पूर्णपणे ऑफिसला बोलावलं नव्हतं, त्यामुळे मी घरूनच काम करत होतो. आईच्या मोबाइलवर एका ऑनलाइन प्रशिक्षणाच्या लिंका आल्या. अठरा-वीस भाग, प्रत्येक भागात व्हिडिओ, वाचायला पीडीएफ, शेवटी प्रश्नमंजूषा. ७० टक्के मिळाले की सर्टिफिकेट. तारीख ठरलेली. घरात फराळाची धामधूम, आईच्या हाताला बेसन लागलेलं आणि मोबाइलवर कुणीतरी संथ आवाजात अध्ययन निष्पत्ती समजावून सांगतंय. मध्येच ते गोल फिरणारं चक्र. रेंज गेली की भाग पुन्हा पहिल्यापासून.

दोन दिवस मी नुसता बघत होतो. "आई, नेक्स्ट दाब," असं लांबूनच ओरडायचो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, दे इकडे. आणि मी ते प्रशिक्षण आईच्या नावानं पूर्ण केलं. सगळे व्हिडिओ दुप्पट वेगानं, आवाज बंद. प्रश्नमंजुषेत एक युक्ती होती, चुकलं तरी पुन्हा देता यायची आणि प्रश्न तेच राहायचे. दुसऱ्या प्रयत्नाला शंभर टक्के. दोन रात्रींत सगळं खलास. आईच्या नावाची सर्टिफिकेटं डाउनलोड करून ठेवली, वर प्रिंट काढून फाइलला लावून दिली. आपल्या आईला आपण मदत केली याचं समाधान किती वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या महिन्यात केंद्रावर शिक्षण परिषद होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिल्हा परिषदेच्या आसपासच्या शाळा मिळून एक केंद्र असतं, त्याचे केंद्रप्रमुख असतात, आणि या शाळांचे शिक्षक एकत्र बसून चर्चा करतात ती शिक्षण परिषद. तिथं केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर आईचं अभिनंदन केलं. केंद्रात सगळ्यात आधी प्रशिक्षण पूर्ण, तेही शंभर टक्के! आणि मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही या. त्या गणिताच्या भागात काय आहे ते दहा मिनिटं सगळ्यांना सांगा."

आई उठली. काय बोलली ते तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच कळलं की ती फळ्याजवळ उभी राहिली, बरं नाही असं काहीतरी पुटपुटली आणि खाली बसली. बावीस वर्षं शिकवणारी बाई, फळ्याजवळ उभी राहून गप्प.

घरी आली तेव्हा चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. हातपाय धुतले, चहा टाकला आणि म्हणाली, "चवथीत एक पोरगं आहे माझ्याकडं. भावानं लिहून दिलेला गृहपाठ आणतंय. त्याला मी काय बोलावं आता, सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी तिनं स्वतःच मोबाइल माझ्यापुढे धरला. "लाव ते गणिताचं. पहिल्यापासून."

आम्ही दोघं ओट्यावर बसून ते बघायला लागलो. नऊ मिनिटांचा व्हिडिओ. दुसऱ्याच मिनिटाला आई म्हणाली, "थांबव." मी थांबवला. "हे म्हणतात वर्गाचे चार गट करा. माझ्याकडं दोन वर्ग आहेत, त्यांचे आठ गट झाले. फळा एक. बसवायचं कुठं?" मी गप्प. पुन्हा सुरू केला. थोड्या वेळानं, "थांबव. हे बरोबर आहे बग. हे मी करते, पण मला वाटायचं आपलंच काहीतरी गावठी आहे." पुन्हा सुरू. "थांबव. हे पोरांना कळायचं नाही, त्यांनी मणी कुठं बघितलेत, काड्या घे म्हणावं." नऊ मिनिटांचा व्हिडिओ संपायला पाऊण तास लागला. मी मोजलं होतं, चौदा वेळा थांबवला. आणि गंमत म्हणजे तो व्हिडिओ वाईट नव्हता. ज्यांनी बनवला त्यांना विषय कळत होता. दुप्पट वेगानं, आवाज बंद करून बघितल्यावर मला ते कसं दिसणार?

आता मी पडलो इंजिनिअर. अपराधी वाटलं की आम्ही ॲप बनवतो. जानेवारीत तीन-चार वीकेंड घालून मी आईच्या केंद्रातल्या शिक्षकांसाठी एक छोटं ॲप केलं. विचार असा की प्रशिक्षण कंटाळवाणं आहे ना, मग ते एंगेजिंग करू. व्हिडिओ बघितला की दहा गुण, प्रश्नमंजुषेला तारे, रोज उघडलं तर बोनस आणि मुख्य पानावर पहिल्या पाच शिक्षकांची यादी. रंगीत वगैरे. आईनं अकरा जणांना ते घ्यायला लावलं.

पहिल्या आठवड्यात एक सर सगळ्यांच्या खूप पुढे निघून गेले. रात्री एक वाजता तारे मिळवत होते! मी जाम खूश. मग आईनं त्यांना विचारलं तर ते मोकळेपणानं हसले. त्यांची अकरावीतली मुलगी ते खेळत होती. तिला यादीत पहिला नंबर ठेवायचा होता.

बसा आता. म्हणजे मी जे चोरून केलं होतं, त्याचाच मी गेम बनवला होता. मी क्लिक मोजत होतो, म्हणून मला क्लिक मिळाले. यात त्या मुलीचं काही चुकलं नाही आणि सरांचंही नाही. बाकीच्यांचं तर त्याहून वाईट झालं. ज्यांची नावं यादीत खाली होती त्या दोन मॅडमनी ॲप काढूनच टाकलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला अकराव्या नंबरवर दाखवून मला त्याचा उत्साह वाढवायचा होता. मी ॲप बंद केलं.

मग मात्र जरा वाचायला लागलो, आणि कळलं की या प्रश्नावर आपल्याकडे पन्नास वर्षं डोकं लावलेलं आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतानं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून खेड्यापाड्यात टीव्ही पोचवण्याचा प्रयोग केला होता. त्याचं नाव साइट. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण मराठवाड्याला खेटून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. या प्रयोगाचा एक भाग म्हणजे प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण. बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्या, एकेका फेरीत सुमारे २४ हजार शिक्षक. आकडा वाचून मी चाट पडलो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या शिक्षकांनी नुसता टीव्ही बघितला नाही. टीव्हीच्या जोडीला रेडिओ होता, हातात कृतींची पुस्तिका होती, आणि कार्यक्रम झाला की तिथंच गटात बसून प्रयोग करायचे, शंका विचारायच्या. पडदा बंद झाल्यावर काय करायचं, याचा विचार करूनच पडदा सुरू केला होता.

अलीकडचं बघा. दीक्षा हे शिक्षकांसाठीचं राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. निष्ठा हा ४२ लाख शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्ग भरवून सुरू झाला. कोविड आल्यावर ऑक्टोबर २०२० पासून तो दीक्षावर ऑनलाइन आला, प्राथमिक स्तरासाठी १८ अभ्यासक्रम करून. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तर प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. एवढ्या मोठ्या देशात तंत्रज्ञानाशिवाय हे कुणाच्या बापाला जमणार नाही, हे मान्य. विमानानं तज्ज्ञ पाठवून बेचाळीस लाख माणसांपर्यंत पोचता येत नाही. प्रश्न पोचण्याचा नाहीच. पोचल्यावर पुढं काय, हा आहे.

एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, माणूस साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. हे वाचून बरेच जण व्हिडिओ छोटे करतात आणि थांबतात. आयआयटी मुंबईतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पुढचा विचार केला. त्यांनी २०१६-१७ च्या सुमारास कॉलेजच्या हजारो शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम घेतले. त्यातले व्हिडिओ मध्येच ठरवून थांबायचे. शिकवणारा एक प्रश्न विचारायचा आणि सांगायचा की आता व्हिडिओ थांबवा, उत्तर लिहा, मग पुढे चला. या जागांना ते विचार करण्याच्या जागा मानतात.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. आई ओट्यावर बसून चौदा वेळा "थांबव" म्हणाली होती, ते हेच की! ज्याला मी व्यत्यय समजत होतो तेच तिचं प्रशिक्षण होतं. व्हिडिओ फक्त निमित्त होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरा प्रयत्न केला. या वेळी एक ओळ कोडही लिहिला नाही. साधा व्हॉट्सॲप ग्रुप. नियम आईनं आणि मी मिळून ठरवले. आठवड्याला एकच तुकडा, तीन मिनिटांच्या आत. तुकडा एका प्रश्नावर संपणार, आणि तो प्रश्न असा की त्याचं उत्तर तुमच्या वर्गात जाऊन बघितल्याशिवाय देता येणार नाही. उत्तर लिहायचं नाही, बोलून पाठवायचं. मराठी टाइप करताना निम्म्या लोकांचा जीव जातो, बोलायला कुणाला काय लागतं? गुण नाहीत, यादी नाही, सर्टिफिकेट नाही. मुलांची नावं आणि फोटो टाकायचे नाहीत. आणि केंद्रप्रमुख ग्रुपमध्ये नकोत. हे शेवटचं सांगायला आई घाबरत होती, पण ते भले गृहस्थ हसून म्हणाले, "मी असलो तर सगळे चांगलंच सांगतील. नसलेलंच बरं."

पहिले दोन आठवडे कुणीच काही पाठवलं नाही. 'छान उपक्रम', हात जोडलेले, गुलाबाचं फूल. तिसऱ्या आठवड्यात वजाबाकीचा तुकडा होता. प्रश्न असा: ४२ वजा १७ हे गणित पोरांना घाला आणि किती जणांनी ३५ लिहिलं ते सांगा.

३५ का, ते बघा. एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरं सातातून दोन काढतात, पाच. दशकात चारातून एक, तीन. झाले ३५. बरोबर उत्तर २५.

गुरुवारी रात्री एका सरांचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "सोळा पोरं होती आज. नऊ जणांनी पस्तीस लिहिलं. मी म्हटलं आपल्याच वर्गात असं आहे का काय." अर्ध्या तासात दुसऱ्या शाळेतून आवाज आला, माझ्याकडे अकरातल्या पाच. मग तिसरा. त्या रात्री नऊ शिक्षकांनी आपापल्या वर्गातली चूक मोठ्यानं सांगितली. शिक्षण परिषदेत मी कधी असं ऐकलं नव्हतं, असं आई म्हणाली. तिथं सगळे काय चांगलं झालं तेच सांगतात.

आणि मग एका मॅडमचा आवाज आला, दबक्या आवाजात बोलत होत्या, घरचे झोपले असावेत. म्हणाल्या, "मी आज विचार केला. पहिलीपासून आपणच पोरांना सांगतो ना, मोठ्यातून लहान वजा करायचं? मग ते तेच करायलेत. सात मोठा, दोन लहान. पोरं चुकंनात, आपलं ऐकायलेत."

आई तो संदेश ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बावीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले रे."

मंडळी, मला विचाराल तर प्रशिक्षण ते हेच. कुठल्याही तज्ज्ञानं ते वाक्य तिला पीडीएफमध्ये दिलं असतं तरी तिनं नेक्स्ट दाबलं असतं. मी दाबलं असतं म्हणा. पण स्वतःच्या वर्गातल्या पोरांचा ३५ डोळ्यांसमोर असताना, आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईच्या तोंडून ते आलं, म्हणून ते आत गेलं.

दुसऱ्या दिवशी आईनं वर्गात दुकान मांडलं. कागदाच्या नोटा. बेचाळीस रुपये म्हणजे दहाच्या चार नोटा आणि दोन सुट्टे. वस्तू सतरा रुपयांची. दुकानदार झालेलं पोरगं म्हणालं, सुट्टे सात द्या. गिऱ्हाइकाकडे दोनच. मग काय करायचं? अख्खा वर्ग ओरडला, नोट मोडा! किराणा आणायला जाणाऱ्या पोरांना हे रोजचं. दहाची एक नोट मोडली, बारा सुट्टे झाले. त्यातले सात दिले, पाच उरले. उरलेल्या तीन नोटांतली एक दिली, दोन उरल्या. पंचवीस. आईनं हे दीड मिनिटात बोलून ग्रुपवर पाठवलं. पुढच्या आठवड्यात चार शाळांमध्ये कागदाच्या नोटा कापल्या गेल्या. एका सरांनी सांगितलं, आमच्याकडे नोटांपेक्षा काड्यांचे गठ्ठे बरे पडले, गठ्ठा सोडला की दहा काड्या समोर दिसतात, नोट मोडली की ती गायबच होते. यावर परत दोन दिवस चर्चा. कुणीही कुणाला अध्ययन निष्पत्ती हा शब्द वापरला नाही.

विष्णुपुरीला जे धरण आहे ना, पावसाळ्यात दरवाजे उघडले की जे बघायला गर्दी होते, तो मुळात उपसा सिंचनाचा प्रकल्प आहे. म्हणजे पाणी धरणात भरपूर, पण ते आपोआप उताराला लागून शेतात जात नाही. पंपानं उपसून वर चढवावं लागतं, तेव्हा कालव्याला येतं. लहानपणी शाळेच्या सहलीत हे ऐकलं होतं, अर्थ काही लागला नव्हता. आता वाटतं, आपण शिक्षकांच्या बाबतीत सगळं तंत्रज्ञान वरून पाणी सोडायला लावलंय. आणखी व्हिडिओ, आणखी लिंका. उपसा कुणीच करत नाही. त्या अकरा जणांच्या डोक्यात मिळून दोनशे वर्षांचं वर्गातलं पाणी साठलेलं होतं. ते वर काढायला मला लागलं काय, तर एक प्रश्न आणि एक माइकचं बटण.

तुम्ही म्हणाल, अकरा जणांचं ठीक आहे, बेचाळीस लाखांचं काय? खरंय. आणि अकरापैकीही तिघांनी शेवटपर्यंत एकही आवाज पाठवला नाही. ते ऐकायचे की नाही, तेही मला माहीत नाही. परीक्षेच्या दिवसांत ग्रुप पार ठप्प असायचा. प्रत्येक तुकड्याचा शेवटचा प्रश्न चांगला काढणं हे व्हिडिओ कापण्यापेक्षा दहापट अवघड, आणि ते आईलाच जमायचं, मला नाही. मी काढलेला एक प्रश्न वाचून ती म्हणाली होती, "याचं उत्तर पुस्तकात आहे. वर्गात कशाला जातील?" त्यामुळे ज्यानं कधी फळ्यावर मध्ये रेघ मारून दोन वर्ग शिकवलेत त्यालाच हा प्रश्न काढू द्यायला हवा. माझ्यासारख्यानं फार तर माइक नीट चालतोय का ते बघावं. आता तर एआय दहा सेकंदांत प्रश्नमंजूषा बनवतो, आणि दहाच सेकंदांत ती सोडवूनही देतो. शंभर टक्क्यांचं सर्टिफिकेट काढायला मुलगाही लागत नाही. पण आज तुझ्या वर्गात किती पोरांनी पस्तीस लिहिलं, हे कुठल्या एआयला माहीत असणार? ते त्या बाईलाच माहीत.

पुढे आईची बदली झाली. नवं केंद्र, नवी माणसं. मी विचारलं, ग्रुप परत करून देऊ का? म्हणाली, "केलाय मी. तू झोपला होतास."

त्याच सुमारास पुन्हा एक ऑनलाइन प्रशिक्षण आलं होतं. या वेळी तिनं मोबाइल माझ्या हातात दिला नाही. महिनाभर रोज रात्री जेवणं झाल्यावर बसायची, वही घेऊन. मध्येमध्ये मोबाइलशी भांडण ऐकू यायचं. शेवटच्या चाचणीत तिला ७४ टक्के मिळाले. तेही तिनं फाइलला लावलंय, माझ्या शंभर टक्क्यांच्या बरोबर पाठीमागे. शंभरवाली काढून टाक म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. तुझं आहे ते."

तर गेल्या शनिवारी हे सगळं आठवलं आणि मी तिला फोन लावला.

"काय करू लालास?"

"कंपनीचं ट्रेनिंग करतोय."

"तू करायलास का बटण करायलंय?"

मी टॅब बंद केला, भाग पहिल्यापासून लावला. खोट्या संदेशांच्या भागाशी आल्यावर मीच स्वतःला म्हटलं, थांबव. दोन महिन्यांपूर्वी रात्री एक संदेश आला होता, वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार, या लिंकवर भरा. आणि मी, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, त्या लिंकवर बोट ठेवणारच होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाजच वाटली होती.

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं. क्षणभर शांतता. मग आमच्या सगळ्यात सीनियर आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, माझं कुरिअरचं झालं होतं. मग अजून एक. पंधरा मिनिटांची मीटिंग चाळीस मिनिटं चालली, आणि मॅनेजरनं घड्याळ बघितलं नाही.

सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. शेवटच्या दहा प्रश्नांत दोन चुकले, परत द्यायचेत.